दार वासून ठेवा

बळवंतरावांच्या दुकानात धैर्यशील साबळेला सगळे ‘बहिऱ्या’ म्हणत. त्याला इतरांपेक्षा जास्त ऐकू यायचं, यातच सगळा विनोद होता.

बडोद्याच्या लहरीपुऱ्यातलं ते दुकान आधी रेडिओ विकायचं, मग टीव्ही, आणि बाजार खुला झाल्यावर जोडून दिलेले कॉम्प्युटर. धैर्यशील ते जोडायचा. मशीन सुरू झालं की मान तिरकी करून ऐकायचा आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणायचा, “शेठ, ह्याचा पंखा घासतोय.” गिऱ्हाईक दचकायचं. बळवंतराव हसत म्हणायचे, “लक्ष देऊ नका साहेब, बहिरा आहे तो.”

ते २००६ साल. लोक कॉम्प्युटर दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडू लागले होते. सिनेमे, गाणी, सगळं त्याच्यातून. पण विलंबित आलाप सुरू व्हावा आणि शेजारी पिठाची गिरणी घरघरावी, तसं व्हायचं. धैर्यशीलला असं मशीन बनवायचं होतं, जे टीव्हीशेजारी असेल आणि आहे हे कुणाला कळणारही नाही.

“पंखा नसलेला कॉम्प्युटर म्हणजे नाक नसलेला माणूस,” बळवंतराव म्हणाले. “श्वास कुठून घेणार?”

“नाक नको शेठ, खिडकी पुरे.”

“मग जा, खिडक्या विक. पण परत आलास तर हातात झाडू घेऊन ये.”

तो गेला. तरसालीच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथे त्याने काम मांडलं. वीतभर लांब, वीतभर रुंद असे छोटे मदरबोर्ड तेव्हा नुकतेच मिळू लागले होते. त्यातला कुठला घ्यायचा यावर त्याने अख्खा हिवाळा घालवला. काहींवर नाण्याएवढा पंखा असायचा. ते त्याने लगेच बाजूला टाकले. लहान पातं जोरात फिरतं, आणि बडोद्याची धूळ एक उन्हाळा खाल्ली की डासासारखं गुणगुणतं. काहींना पंखा नव्हता, पण प्रोसेसर तापट होता. बोर्ड जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो, त्यात सूट नाही. म्हणून खाणाराच कमी खाणारा हवा. शेवटी जो निवडला तो हळू चालायचा, पण सिनेमाचं चित्र उलगडायचं काम त्यावरची वेगळी चिप करायची, त्यामुळे प्रोसेसर निवांत राहायचा. त्याच्यावर धैर्यशीलने ॲल्युमिनियमचा मोठा ठोकळा बसवला. ठोकळ्याच्या पट्ट्या उभ्या ठेवल्या, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. पॉवर सप्लाय डब्याबाहेर काढला. हार्ड डिस्कची कुरकुर डब्यात उतरू नये म्हणून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली.

कंपनीच्या कागदावर खोली पस्तीस अंशांची धरलेली होती. तरसालीत मे महिन्यात पत्र्याखाली पस्तीस अंश म्हणजे पहाट. त्याने भर दुपारी त्या भट्टीत मशीन चालवलं, वर खाली भोकं वाढवली, पुन्हा चालवलं. चाललं. फक्त एक अट होती. त्याच्या भोवतीची हवा हलती हवी. बंद पेटीत ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेत शिजणार.

खालून त्याची आई, जिजाबाई, ओरडायची, “अरे, गुदमरशील! दार वासून ठेव!” जिजाबाई लग्न होऊन साताऱ्याकडून आलेल्या. तीस वर्षं बडोद्यात काढूनही त्यांचं मराठी तिकडचंच राहिलं होतं. त्यांच्या तोंडी दार वासणं म्हणजे सताड उघडणं. तोंड वासतो, तसं दार.

कारेलीबागेत दत्तात्रेय पोतनीस राहायचे. निवृत्त प्राध्यापक, विषय मराठी. त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी संध्याकाळी गाणं ऐकणाऱ्यांची बैठक जमायची, आणि कुठली सुई, कुठले स्पीकर, कुठला गवई चांगला, यात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्यांनी मान डोलवली तर धैर्यशीलच्या मशीनला बडोद्यातली सगळी मराठी घरं उघडणार होती. नाही डोलवली तर झाडू.

पहिल्या भेटीत तो घाईघाईने म्हणाला, “सर, आ बोर्ड एकदम ठंडो रहे छे, म्हणजे गरम थतोच नाही...”

पोतनीसांच्या पत्नी कमलाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. “साबळे ना तू? मराठ्याचा? मग मराठीत बोल. ही गुजराती खिचडी आमच्याकडे चालत नाही.”

“भाषेला इस्त्री हवी, साबळे,” पोतनीस म्हणाले. “चुरगळलेला माणूस मी एक वेळ घरात घेईन.”

त्यानंतर कारेलीबागेत येताना धैर्यशील स्कूटरवर वाक्यं जुळवत यायचा. बैठकीच्या आदल्या दिवशी त्याने मशीन बसवलं. जागा कमलाबाईंनी ठरवली होती: टीव्हीखालचं सागवानी कपाट. त्याने कपाटाची मागची फळी काढायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग निदान पुढचं दार उघडं हवं. गुजराती ‘खुल्लं’ म्हणायचं नाही, इस्त्रीचं मराठी बोलायचं. त्याला आईचा शब्द आठवला.

“काकू, एवढं एक लक्षात ठेवा. मशीन चालू असेपर्यंत हे दार वासून ठेवायचं. अगदी पूर्ण.”

“पूर्ण वासून,” कमलाबाई म्हणाल्या. “ठेवीन हो. पाहुण्यांसमोर वायरी कशाला दिसायला हव्यात!”

वायरींचं काय मध्येच, असं धैर्यशीलला वाटलं. पण मोठ्या घरात उलट प्रश्न विचारू नये, असं त्याला शिकवलेलं होतं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बळवंतराव पुढच्याच गादीवर बसले होते. पोतनीसांनी मुद्दाम बोलावलं होतं. “या खिडकीवाले!” बळवंतराव म्हणाले. धैर्यशील बसायला जागा शोधू लागला, तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, “तू आत स्वयंपाकघरात बस. इथे मंडळींनाच जागा पुरत नाही.”

तो आत स्टुलावर बसला. गाणं सुरू झालं. भिंतीपलीकडून तंबोरे आले, मग षड्ज, आणि षड्जाच्या मागे काहीही नाही. ना घरघर, ना सूं. कुणीतरी म्हणालं, “मशीन चालू आहे ना?” हशा झाला. पोतनीसांचं “वा!” ऐकू आलं. ते गवयासाठी होतं की मशीनसाठी, हे आतून कळायला मार्ग नव्हता. धैर्यशीलने ते स्वतःकडे ठेवून घेतलं.

ख्याल द्रुतात शिरता शिरता पहिली तान तुटली. मग एकच स्वर ठोके दिल्यासारखा वाजत राहिला. मग शांतता, आणि ही शांतता त्याची नव्हती.

तो धावत बाहेर आला. कपाटाचं दार घट्ट लावलेलं होतं. कडीसुद्धा घातलेली. त्याने दार ओढलं तेव्हा आतून भाकरीच्या तव्यासारखी झळ आली.

“दार कुणी लावलं?”

“कुणी म्हणजे?” कमलाबाई म्हणाल्या. “तूच सांगितलंस ना, वासून ठेवा म्हणून? चांगली कडी घातली मी.”

“काकू, वासून म्हणजे... उघडं! सताड!”

आधी बळवंतरावांना समजलं आणि ते मांडीवर थाप मारून हसू लागले. “अरे बहिऱ्या! बारणुं वासी दो म्हणजे दार लावा, हे बडोद्यात दूधवाल्यालाही कळतं. कुठल्या गावाहून आलास?”

हे धैर्यशीललाही माहीत होतं. गुजरातीत तोही रोज तेच म्हणायचा. पण तो शब्द गुजरातीच्या कप्प्यात होता आणि हा आईच्या मराठीच्या, आणि या घरात पहिला कप्पा उघडायचा नाही असं त्याला बजावलेलं होतं. तो पोतनीसांकडे वळला.

“सर, तुम्ही सांगा. मराठीत वासणं म्हणजे उघडणंच ना?”

सगळे पोतनीसांकडे बघू लागले. वासणे म्हणजे काय, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. त्यांनी धैर्यशीलकडे पाहिलं, मग लाल झालेल्या पत्नीकडे, मग पाहुण्यांकडे. चष्मा काढला, पुसला.

“शब्द कुठे बोलतो आहोत, हे बघावं लागतं, साबळे,” ते म्हणाले. “बडोद्यात राहायचं तर बडोद्याचं मराठी यावं. आणि खरं सांगू? जे यंत्र एका क्रियापदाने मरतं, ते घरात ठेवू नये.”

हे वाक्य मंडळींना फार आवडलं. त्या आठवड्यात ते कारेलीबागेतून जुन्या शहरात मांडवीपर्यंत गेलं. कपाटातल्या मशीनची हार्ड डिस्क पुन्हा फिरली नाही. बोर्ड मात्र गार झाल्यावर मुकाट्याने सुरू झाला. ते बघायला कुणी थांबलं नव्हतं.

बळवंतरावांनी त्याला परत घेतलं, आणि आपला शब्द पाळला: पहिल्या सकाळी झाडूच हातात दिला. बहिऱ्या हे नाव गेलं. आता तो ‘वासू’ झाला. गिऱ्हाईक दाराशी आलं की शेठ ओरडायचे, “वासू, दार वास!” आणि तो काय करतो हे बघायला दुकान थांबायचं. उघडलं तरी हसायचे, लावलं तरी.

पावसाळ्यानंतर पोतनीसांनी बळवंतरावांकडून मशीन घेतलं. तीन पंख्यांचं. बसवायला धैर्यशीललाच पाठवलं. त्याने मागची फळी काढायची परवानगी मागितली. या वेळी ती लगेच मिळाली. मशीन घरघरू लागलं. पोतनीस डोळे मिटून ऐकत म्हणाले, “आवाज येतो थोडा. पण भरवशाचा वाटतो.”

“दाराचं काय?” कमलाबाईंनी विचारलं.

“जेम फावे तेम, काकू,” धैर्यशील म्हणाला. जसं बरं वाटेल तसं. त्या दिवशी त्याच्या गुजरातीला कुणी हरकत घेतली नाही.

घरी आला तेव्हा जिजाबाई पंख्याखाली पदराने वारा घेत बसल्या होत्या. वीज गेली होती.

“आलास? ते मागचं दार वासून ठेव रे, जीव घुसमटतोय.”

तो दाराशी गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला.

“उघडू की लावू?”

जिजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “काय रे मेल्या, कारेलीबागेत जाऊन मराठीसुद्धा विसरलास?”