लखनौला गेलेल्या कुरडया

भुसावळहून गाडी सुटली तेव्हा आई खिडकीच्या गजांतून आत बघत होती, पण माझ्याकडे नाही. माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडे. "आपटू नको गं," ती म्हणाली. "ओलीत ठेवू नको. आणि कोणाच्या हातात देऊ नको." माझ्याविषयीच्या सूचना बाबांनी दिल्या. "पोचल्यावर फोन कर," एवढीच.

डब्यात कुरडया होत्या. त्या लखनौला का निघाल्या होत्या हे आधी सांगायला हवं.

मी चित्रकलेच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे नेमकं काय शिकते, असं नातेवाइकांनी विचारलं की मी अजून अडखळते. या हिवाळ्यात माझं एक चित्र लखनौच्या सामूहिक प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. चित्रात आमची गच्ची आहे आणि जुन्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडया. बाकी काही नाही. प्रदर्शनाचा एक नियम मात्र वेगळा होता. ज्या वस्तूवरून चित्र सुचलं, ती वस्तू चित्राशेजारी ठेवायची. तिला ते लोक 'प्रेरणा' म्हणत होते.

मी आईला म्हटलं, "थोड्या कुरडया देशील का? प्रदर्शनात ठेवायच्या आहेत." आईने एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत झालं की तिच्या कुरडया लखनौच्या प्रदर्शनात लागणार आहेत आणि त्या पोचवायला अश्विनी, म्हणजे मी, जाणार आहे. चित्राचा उल्लेख कुठेच नव्हता.

"कुरडई बघायला लोक लखनौला कशाला येतील?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्याकडे नसते म्हणूनच येतील ना," आई म्हणाली. तिने मोठ्या डब्यातून एकेक कुरडई उजेडात धरून निवडली. उद्घाटनाच्या वेळी मी व्हिडिओ कॉल करायचा आणि गल्लीतल्या बायकांनी आमच्या ओट्यावर जमून तो बघायचा, असं ठरलं. कॉलेजच्या तीन वर्षांत आईला दाखवता येईल असं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं.

चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचं दाट धुकं होतं. स्टेशनाचे घुमट त्यातून थोडे थोडे बाहेर येत होते, जणू इमारत अजून पुरती उठलेली नाही. एका हमालाने डब्याला हात घातला. मी तो छातीशी धरला.

"खाना है, बिटिया?"

"नहीं. प्रदर्शनी है."

त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "अच्छा," म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. चित्राची चादरीत बांधलेली फ्रेम मात्र त्याने बिनधास्त खांद्यावर टाकली.

मी उतरले होते मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, सुलभाकाकूंकडे. आमच्या गावच्या गुरुजींच्या या धाकट्या बहीण. काका रेल्वेत आहेत, तेव्हा दौऱ्यावर होते. घरात काकू आणि बारावीतली रिया. रियाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते. काकूंनी गरम तहरी (मटार-फ्लॉवर घातलेला पिवळा मसालेभात) वाढली आणि मी डबा ठेवायला कोरडी जागा शोधू लागले. रियाच्या खोलीच्या भिंतीला ओल होती.

"आण इकडे. स्वयंपाकघर कोरडं आहे," काकू म्हणाल्या.

आईची शेवटची सूचना मी तिथे मोडली. काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं बाई! किती वर्षांनी!"

"यांच्यावरूनच मी चित्र काढलंय. तिथे प्रेरणाही द्यायची आहे," मी म्हणाले.

"काढणारच. अशा कुरडया असल्यावर कोणीही काढेल."

मला वाटलं, त्यांना चित्रकलेची आवड आहे.

दुपारी डबा काकूंच्या स्वयंपाकघरातच ठेवून मी चित्र टांगायला कैसरबागेजवळच्या हॉलवर गेले. व्यवस्था बघणाऱ्या तिवारी मॅडम गळ्यात चष्मा, हातात टेप घेऊन फिरत होत्या. मागच्या वर्षी दोघातिघांनी इंटरनेटवरून चित्रं उतरवली होती, तेव्हापासून त्यांनी हा नियम काढला होता. "जिसकी प्रेरणा नहीं, उसकी दीवार नहीं," त्या मला म्हणाल्या. "कल तीन बजे तक. नहीं तो पेंटिंग उतार दूँगी, बेटा." आवाज इतका गोड होता की धमकी समजायला मला वेळ लागला.

बाकीच्यांच्या प्रेरणा येऊन बसल्या होत्या. बसल्या म्हणजे एक तर खरोखरच बसली होती. माझ्या उजवीकडे 'क्रोध' नावाचं लालभडक चित्र होतं आणि त्याखाली खुर्चीवर एक जाडसर गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते.

"ये गुप्ताजी हैं. मेरे मकान-मालिक," चित्रकार हळूच म्हणाला. "प्रेरणा."

"आज सिर्फ़ रिहर्सल है," गुप्ताजींनी मला अभिमानाने सांगितलं. ते चित्राखाली आहेत म्हणजे चित्रात ते आहेत, एवढं त्यांना कळलं होतं. चित्राचं नाव त्यांनी वाचलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नव्हतं.

माझ्या डावीकडे शबनम दीदींचं 'कोहरा' होतं, म्हणजे धुकं. धुकं कसं आणणार? त्यांनी विजेची किटली आणली होती. ती दिवसभर वाफ सोडत राहणार होती. पलीकडे 'मौन' नावाच्या चित्राखाली एक रिकामा खोका होता. मॅडमनी तो उघडून आत पाहिलं, बंद केला आणि कार्डावर टिक केली. या सगळ्यात माझ्या कुरडया फारच साध्या वाटतील, अशी मला काळजी लागली.

ती काळजी संध्याकाळपर्यंतच टिकली. कॉलनीच्या जिन्यातच मला तळणाचा वास आला. ओळखीचा, घरचा. पायरीवरच माझे पाय थांबले. रिया दार उघडून म्हणाली, "दीदी, आपकी कुरडई सुपरहिट थी!"

काकूंकडे हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायका येऊन, खाऊन, माझ्या आईला आशीर्वाद देऊन गेल्या होत्या. डबा घासून पालथा घातलेला होता.

"तुझ्यासाठी एक ठेवलीय गं," काकू ताटली घेऊन आल्या.

माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं: प्रेरणा, दीवार, आई, ओटा, गल्ली. काकू ताटली धरूनच खाली बसल्या. "अगं, मला वाटलं तुझ्या आईने माझ्यासाठी पाठवल्या! प्रेरणा म्हणजे... मला वाटलं, ते एखादं भाषण असेल."

"मम्मी, आपने आर्ट तल दिया," रिया म्हणाली.

"तू गप्प बस. तूच चार खाल्ल्यास."

दुसऱ्या दिवशी सकाळी रियाच्या स्कूटीवरून आम्ही आलमबागच्या बाजारात कच्ची कुरडई शोधायला निघालो. लखनौमध्ये काय मिळत नाही! वाटेत मक्खन मलाई (थंडीत मिळणारा केशरी दुधाचा फेस) खाल्ली. जिभेवर ठेवली न ठेवली तोच नाहीशी झाली. ते माझ्या फार मनाला लागलं. त्या सकाळी नाहीशी होणारी कुठलीच वस्तू मला सहन होत नव्हती.

"भैया, गेहूँ का होता है, जाला टाइप, सूखा हुआ," रिया दुकानदारांना समजावत होती. पहिल्याने शेवया काढल्या. दुसऱ्याने सुतरफेणी. तिसऱ्याला मी मोबाइलवर माझं चित्र दाखवलं. त्याने ते जवळ धरून, लांब धरून पाहिलं. "ये तो ततैया (गांधीलमाशी) का छत्ता है. छत पे इतने सारे? बिटिया, पहले घर में दवा छिड़कवाओ."

मी दोन वर्षं रेखाटनाला पहिली आले आहे. असो.

शेवटी उरली ती एकच, ताटलीतली, तळलेली. काकूंनी ती केकच्या खोक्यात कापूस घालून ठेवली. स्कूटीवर तिचा चुरा होईल म्हणून मी शेअर टेम्पोने निघाले. खोका दोन्ही हातांनी हवेत धरलेला बघून समोरचे आजोबा आशेने म्हणाले, "कबूतर है?"

"नहीं बाबा. नाज़ुक चीज़ है."

पुढचं काही विचारलं नाही त्यांनी. पण चारबागपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरवर ओरडत राहिले, "अमाँ, धीरे! बिटिया के पास नाज़ुक है!" हळूहळू अख्खा टेम्पो ओरडू लागला. माझ्यासाठी इतके अनोळखी लोक एकत्र ओरडल्याचं मला आठवत नाही.

मॅडमनी खोका उघडला. चित्राकडे पाहिलं, परत खोक्याकडे. "पेंटिंग में तो छोटी है."

"मॅडम, वो... तलने पर फूलती है."

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग पुटपुटल्या, "विस्तार," आणि टिक केली. कुरडई पांढऱ्या चौथऱ्यावर चढली. शेजारी पाटी लागली, 'छूना मना है'.

संकट संपलं असं मला वाटलं आणि तेवढ्यात शबनम दीदींनी किटली सुरू केली. वाफ सरळ माझ्या चौथऱ्यावर. तळलेल्या कुरडईला वाफ लागली तर काय होतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. मी हळूच किटलीचं तोंड वळवलं. दीदींनी ते परत वळवलं. "सॉरी, मगर मेरा कोहरा इधर जाता है." मी हाताने वारा घालू लागले. उजवीकडून गुप्ताजी कुरडईकडे टक लावून बघत होते. ते सकाळपासून प्रेरणा म्हणून बसले होते आणि त्यांना कोणी चहासुद्धा विचारला नव्हता.

"करारी (कुरकुरीत) है?" त्यांनी विचारलं.

"अंकल, प्लीज़."

"हम तो सिर्फ़ पूछ रहे हैं."

प्रमुख पाहुणे आले. पांढऱ्या केसांचे, काठी टेकत चालणारे एक वृद्ध चित्रकार. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. पडद्यावर आई, मागे सगळी गल्ली, एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावत.

"दाखव, दाखव लवकर!"

मी फोन मुद्दाम लांब धरला. वाटलं, लांबून कळणार नाही. आधी चित्र दाखवलं, मग अगदी पटकन चौथरा.

"थांब. मागे घे." आईचा आवाज बदलला. "अश्विनी, ती तळलेली आहे."

"हो."

"एकच आहे."

"हो आई. बाकीच्या... सुलभाकाकूंकडे हळदीकुंकू होतं." मागे कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. पाहुणे माझ्या चित्रासमोर येऊन थांबले होते, मॅडम त्यांच्या मागे, आणि मी फोनसमोर रडायच्या बेतात.

"ती धूर सोडणारी वस्तू काय आहे बाजूला?" आईने विचारलं.

"किटली. वाफ आहे ती."

"आणि तू तळलेली कुरडई वाफेत ठेवलीस?" आई ओरडली. "सादळेल ना ती! शोभेची आहे का? ते म्हातारे बाबा उभे आहेत समोर, त्यांना दे! दे आधी!"

"आई, हात लावायचा नाही अशी पाटी आहे."

"पाटी सादळते का?"

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, पण आईचा हात पडद्यावर कुरडईकडून त्यांच्याकडे जात होता. ते हसले. "माताजी क्या फ़रमा रही हैं?"

"कहती हैं, खाइए. नहीं तो नरम हो जाएगी."

त्यांनी मॅडमकडे पाहिलंच नाही. काठी काखेत धरली, दोन बोटांनी एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. कुर्रर्र असा आवाज अख्ख्या हॉलमध्ये गेला. 'मौन' काढणारी मुलगी दचकली.

"भाईसाहब, कैसा है?" फोनमधून आईने हिंदीत विचारलं. नमक बराबर है ना, हेही.

"माताजी, लाजवाब."

पुढचा तुकडा गुप्ताजींनी घेतला, हक्काने. मग शबनम दीदींनी, किटली बंद करून. मग कोण कोण ते कळलं नाही. चौथऱ्यावर पांढरा चुरा आणि पाटी उरली. मॅडम त्या चुऱ्याकडे बघत पुढे आल्या. मी फ्रेमला हात लावून उभी राहिले. आता चित्र उतरणार.

"इसकी प्रेरणा कहाँ है?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांनी घास गिळला आणि पोटावर हात ठेवला. "यहाँ."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला. त्यांच्या हनुवटीला एक पांढरा कण चिकटलेला मला दिसला. चित्र भिंतीवरच राहिलं. ओट्यावर काय चाललं होतं सांगता येत नाही, कारण फोनवर नुसत्या टाळ्या आणि बांगड्या ऐकू येत होत्या.

प्रदर्शन संपल्यावर परत निघाले तेव्हा काकूंनी डबा लखनवी रेवड्यांनी भरून दिला. "आईला सांग, चुकले," त्या म्हणाल्या. रिया स्टेशनवर सोडायला आली आणि गाडी हलताना पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "पुढच्या वेळी दोन डबे आण."

चित्र विकलं गेलं नाही, तेही माझ्याबरोबर परत आलं. आईने चादर सोडून ते पलंगावर टेकवून ठेवलं आणि लुगड्याला हात पुसत समोर बसली. याआधी माझं कुठलंच चित्र तिने इतका वेळ पाहिलं नव्हतं. मी दाराशीच उभी होते.

"या बऱ्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "या कोणाला तळता येणार नाहीत."

कॉलेजात कला कशासाठी असते यावर आम्हाला निबंध लिहावा लागतो. माझा नेहमी अर्धवट राहतो. या वर्षी मला आईचं हे एक वाक्य मिळालं आहे, फक्त ते सरांना कसं पटवायचं याचा विचार करते आहे.

चित्र आता स्वयंपाकघरात आहे. फळीवर कुरडयांचा मोठा डबा आहे, त्याच्या बरोबर वर आईने खिळा ठोकला. मी म्हटलं, इथे तेलाचे डाग पडतील. ती म्हणाली, "पडू दे. आता कुरडया कुठल्या डब्यात आहेत, हे मला कोणाला सांगावं लागत नाही."