माप घ्यायला दुसरी बाई

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात आमचं पडद्यांचं दुकान होतं. ‘आमचं’ म्हणायचं ते नवऱ्याचं मन राखायला, खरं तर दुकान माझं होतं. नव्वदच्या दशकात तो एका बांधकाम कंपनीत इंजिनियर म्हणून ओमानला आला. कंपनीचं काम संपलं तेव्हा परत जायच्या ऐवजी आम्ही हा उद्योग मांडला. लग्नाआधी मी कल्याणला शिवणवर्ग चालवत होते, त्यामुळे कात्रीशी माझी जुनी ओळख होती. बाहेरच्यांना एकट्यानं परवाना मिळायचा नाही, म्हणून दुकानाचा परवाना अर्बाबच्या नावावर होता. अर्बाब म्हणजे आमचा ओमानी भागीदार, खजुराच्या बागा असलेला, कमी बोलणारा वयस्क माणूस. तो संध्याकाळी दुकानात येऊन खुर्चीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे सलाम घ्यायचा. त्यानंही गिऱ्हाईक वाढायचं.

पडदे शिवणारी दुकानं बाजारात आणखीही होती. पण त्यांची माणसं माप घ्यायला जायची ती पुरुषांच्या बैठकीपर्यंतच. आतल्या खोल्यांत, बायकांच्या वावरात, परका पुरुष जाणार कसा? मग घरमालकच आत जाऊन मोजून यायचा आणि तो सांगेल ते माप. मी मात्र चपला काढून सरळ आत जायची. तिथे गेल्यावर लगेच टेप बाहेर काढायचा नाही. आधी जमिनीवर बसायचं, हलवा खायचा, खजूर खायचे, कहवा, तिथली वेलदोड्याची कॉफी, प्यायचा, सगळ्या लेकीसुनांची चौकशी करायची. आणि बसल्या जागेवरून खिडकीकडे बघायचं. ही खरी मेख होती. माणसं जमिनीवर बसतात, म्हणून खिडक्याही खालपर्यंत येतात. पडदा जरा आखूड झाला तरी बसलेली बाई अंगणातून दिसते. उभं राहून माप घेणाऱ्याला हे कळतच नाही.

नवऱ्याला या सगळ्याचा फार जाच व्हायचा. तो बाहेर गाडीत बसून असायचा. “दोन खिडक्यांना अख्खी दुपार?” असं तो रोज विचारायचा, आणि मी ढेकर देत गाडीत बसायची. मस्कतच्या शाळेत इंग्रजीत वाढलेली आमची लेक सुट्टीला घरी आली की म्हणायची, “आई, तू एव्हरी टाइम बाहेर जेवून का येते? आम्ही काय खायचं?” मी सांगायची, डाळभात लावून घे, तुझ्या बापाला येतो.

एकदा मी भावाच्या लग्नाला महिनाभर भारतात गेले. तेवढ्यात तिथल्या शाळेतल्या एका मास्तरांच्या नव्या घराचं काम आलं. घर लांब, माप घ्यायला बाई नाही. मास्तरांनी फोनवरच माप सांगितलं, तेही हातांनी मोजून, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. नवरा खूश झाला. हात हे माप आपल्याकडेही आहेच की, एक हात म्हणजे दीड फूट, त्यात काय विचारायचं. इंजिनियर माणूस, त्यानं फटाफट गुणाकार केले आणि कापड कापायला दिलं. मास्तर सहा फुटांच्या वर आणि हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, हे फोनवर दिसणार कसं? सगळ्या घराचे पडदे आखूड. उंची वाढलेल्या पोराच्या अंगावर गेल्या वर्षीची पँट दिसावी तसे. मी परत आले तेव्हा ते सगळे पडदे दुकानात ढीग होऊन पडले होते आणि नवरा माझ्याकडे न बघता चहा पीत होता. मी इतकी हसले की शेवटी तोही हसला. नवं कापड आणून मी ते काम पुन्हा करून दिलं. मास्तरांचं घर आमचं कायमचं गिऱ्हाईक झालं ते मात्र त्यांच्या बायकोमुळे, तिच्याशी माझी गट्टी जमली.

पण त्या गमतीतून एक गोष्ट दोघांनाही दिसली आणि ती मुळीच गमतीची नव्हती. मी होते तर दुकान होतं. मी पडले तर दुकान पडलं. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. ईदच्या आधी सगळं गाव घराचे पडदे बदलायचं, तेव्हा निम्म्या घरांना मी नाही म्हणायची. आणि बाजारात तयार पडद्यांची मोठी दुकानं येऊ घातली होती.

त्याच सुमारास मस्कतच्या एका नव्या मॉलमध्ये आम्हाला गाळा मिळत होता. नवरा त्या कल्पनेनं पेटला. तयार पडदे आणायचे, काचेत लावायचे, माप घ्यायची भानगडच नाही. पण तो गाळा घ्यायचा तर रुस्ताकचं दुकान आणि शिवणाची मशिनं विकावी लागणार होती. दोन्ही पेलण्याइतकं बळ आमच्यात नव्हतं. बुद्धपौर्णिमेला मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाकडे सगळे खीर खायला जमायचो. बहुतेक सगळे आमच्यासारखेच, महाराष्ट्रातून आलेले, इंजिनियर नाहीतर ऑफिसातले. त्या वर्षी खिरीच्या वाट्या हातात घेऊन सगळ्यांनी मला सल्ले दिले. “वहिनी, स्केल पाहिजे, स्केल,” एक जण म्हणाला. “किती दिवस लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजणार?” दुसऱ्याच्या बायकोनं विचारलं. ज्यांनी आयुष्यात एक रुमाल विकला नव्हता ते मला धंदा शिकवत होते. मी खीर छान झालीय म्हटलं आणि आणखी एक वाटी घेतली. आतून मात्र घाबरले होते, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, माप घ्यायला मीच का जायचं? दुसरी बाई का नाही?”

“कोण बाई? आपल्याकडची एखादी आणायची?”

“आपल्याकडची कशाला? इथलीच. अर्बाबची नात शाळा संपवून घरी बसलीय. हुशार आहे, हिंदी बोलते, बोलायला लागली की थांबत नाही.”

त्यानं गाडी बाजूला घेतली. रागावला की तो आधी गाडी बाजूला घेतो. “अगं, तुझ्याकडे आहे काय? कापड सगळ्यांकडे आहे, मशिनं सगळ्यांकडे आहेत. आत कसं बसायचं आणि काय बघायचं, एवढंच आपलं भांडवल. ते तिला शिकवलंस तर उद्या ती समोरच दुकान टाकेल. ती ओमानी, तिला तर परवान्यालाही दुसरं कुणी नको. मग आपण काय करायचं?”

मी नुसतं म्हटलं, “टाकेल तर टाकेल.” एवढ्या वर्षांत माझं स्वतःचं असं जे काही उभं राहिलं होतं ते हेच होतं, आणि ते मी दुसऱ्याच्या हातात द्यायला निघाले होते. पण काचेमागे तयार पडदे टांगून गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं मला जमलं नसतं. मी तिथे एका महिन्यात कुणाशी तरी भांडले असते. घरी पोचेपर्यंत मी त्याला हेच सांगत राहिले. सकाळी त्यानं मॉलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि मला म्हणाला, “चहा टाक.”

अर्बाबला विचारायला आम्ही दोघं मिळून गेलो. त्यानं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला. “बेटी का काम है, बाप को पूछना पडेगा,” म्हणाला. मुलीच्या बापाची अट एकच होती: ती बायकांच्या खोल्यांतच जाईल आणि गाडी घरची असेल. मी म्हटलं, मला तरी आणखी काय हवंय? अर्बाब उठला, ‘खलास’, म्हणजे ठरलं, म्हणाला आणि त्यानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पोरगी तल्लख निघाली. टेप धरायला तिला एक सकाळ पुरली. बसायला शिकवणं अवघड गेलं, कारण तिला घाई फार. “पहले बैठो,” मी दटावायची, “फिर देखो.” ती माझ्या बोलण्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवायची, हे मला माहीत होतं. हळूहळू ती बसायला लागली, बघायला लागली. एका घरात बसल्याबसल्या ती माझ्या कानात म्हणाली, “इधर से रोड दिखता है, दो उंगली नीचे लेना.” मला इतकं बरं वाटलं की मी तिला तिथेच चिमटा काढला.

मग तिचा एकटीनं जायचा दिवस आला. लग्नघर होतं. तिच्या भावानं तिला तिथे सोडलं. मला काही राहवलं नाही. नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि त्या घरासमोर जाऊन थांबले. इतकी वर्षं तो बाहेर बसला, आज आम्ही दोघं. ती आत काय करत असेल, पडदा कुठून मोजत असेल, कापड कोणतं दाखवत असेल, मी सारखी बोलत होते. “आता कळलं?” नवरा म्हणाला आणि रेडिओ लावला. थोड्या वेळानं घरातली सून दाराशी आली आणि हात हलवून मला बोलावू लागली. तिच्या सासूनं खिडकीतून आमची गाडी ओळखली होती.

आत गेले तर पोरगी खिडकीशी बसलेली, समोर कापडांचे तुकडे पसरलेले, आणि सगळ्यांत वर गडद जांभळं. मी त्या खोलीला मेलं तरी जांभळं दिलं नसतं. उन्हाची खोली, बदामी रंग हवा होता. माझ्या जिभेवर आलं होतं. सासूबाईंनी मला जवळ बसवलं, कहव्याचा पेला हातात दिला, ते कापड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, तुझं काय म्हणणं?

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं हातातला टेप घट्ट धरला होता.

“उसको पूछो,” मी म्हटलं. “माप उसने लिया है.”

पोरगी अरबीत बोलायला लागली, भराभर, हात हलवत, खिडकीकडे, उन्हाकडे, भिंतीकडे बोट दाखवत. मला त्यातलं निम्मंच कळलं. सासूबाई ऐकत राहिल्या, कापड एकदा चुरगळून बघितलं आणि मान हलवली. मग उठल्या, किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि तिला म्हणाल्या, यल्ला, चल, वरच्या खोल्याही बघ. दोघी जिन्यानं वर गेल्या. मला कुणी बोलावलं नाही, आणि त्याचं मला इतकं सुख झालं की मी एकटीच तिथे बसून हलव्याची अख्खी बशी संपवली.