कंडक्टरच्या पिशवीतले पासपोर्ट

"व्हिसाचं स्टॅम्पिंग व्हॅलिड होतं गं तिचं. तरी वडिलांना बघायला गेली नाही. ते ऐकलं आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं."

स्वयंपाकघरात शिल्पा कोणाशी तरी बोलत होती. मी बाहेर जिन्याखाली, कोटांच्या ढिगाशेजारी वाकलेली. शिल्पा गुरुवारी पुण्याला निघणार होती. तिचं माहेर आणि माझ्या आईचं घर एकाच सोसायटीत, म्हणून आईसाठीची पिशवी मी तिच्या सामानाजवळ ठेवत होते. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, एक स्वेटर.

"पण तुला कोणी सांगितलं?" दुसऱ्या बाईने विचारलं.

"कंडक्टरने. नाव नाही घेतलं तिने. पण क्रीटच्या ट्रिपमध्ये कळलं म्हणाली, आणि तिच्याबरोबर तिथे गेलेल्यांत वडील नसलेली दुसरी आहे कोण?"

हळदीकुंकू कंडक्टरच्याच घरी होतं. ती दिवाणखान्यात सगळ्यांना सिलिकॉनचे चमचे वाण म्हणून वाटत होती आणि कोण आलं, कोण राहिलं हे मोजत होती.

कंडक्टर म्हणजे वंदनाताई. हे नाव लोक तिच्या पाठीमागे नाही, तोंडावर घेतात आणि ते तिला आवडतं. तिचे वडील यवतमाळ डेपोत खरेच एसटी कंडक्टर होते. चार माणसं एकत्र निघाली की ताईचा हात आपोआप वर जातो आणि ती पेनाने प्रत्येकाच्या खांद्यावर टिचकी मारत मोजते. मॉलमध्ये, देवळात, कोणाच्या बारशाला. "मॉम, स्टॉप काउंटिंग पीपल," असं तिची मुलगी वैतागून म्हणते. त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं असतं. "माझ्या बापाच्या गाडीतला एकही पॅसेंजर कधी स्टँडवर राहिला नाही. तुम्हीही राहणार नाही."

मी अमेरिकेत, ॲशबर्नला नवीन होते तेव्हा तिने मला किराणा दुकानात पकडलं. मी साबुदाण्याच्या दोन पाकिटांवरची इंग्रजी माहिती वाचत उभी होते. मागून आवाज आला, "काहून एवढा अभ्यास करून राहिली? परीक्षा आहे का?" मग माझ्या हातातलं एक पाकीट काढून तिने परत फळीवर ठेवलं, एकटी राहतेस का विचारलं, आणि गुरुवारी जेवायला ये म्हणाली. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. ओळखीच्यांशीही बेताचंच येतं. पण ताईकडे बोलावं लागत नसे. ती वाढायची, विचारायची आणि उत्तरंही स्वतःच द्यायची. मला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक पटकन कळत नाही हे लक्षात आल्यापासून ती मला 'कॉन्व्हेंट' म्हणू लागली. "कॉन्व्हेंट, पोळी घे." त्या घरात गुरुवारी माझी खुर्ची ठरून गेली.

मुलांच्या शाळा सुरू झाल्या की दरवर्षी ती चार-पाच जणींना घेऊन आठवडाभर कुठेतरी जायची. नवरे घरी, मुलं घरी. गेल्या सप्टेंबरात ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचं हानिया ठरलं आणि माझं नाव तिने न विचारताच यादीत घातलं. विमानतळावर तिने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. तिथून परत येईपर्यंत ते तिच्याकडेच. बायका हसल्या, पण प्रत्येकीने निमूट दिले.

हानियाचं जुनं गाव बंदराला चिकटून आहे. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला अर्धगोल धक्का, त्याच्या टोकाला दीपस्तंभ, आणि मागे एकमेकांत घुसलेल्या गल्ल्या. संध्याकाळ झाली की हॉटेलवाले धक्क्यावर उभे राहून लोकांना आत बोलवायचे. आम्ही लाजून बाजूने जायचो. ताई थांबायची आणि चक्क मराठीत विचारायची, "मासा आजचा का कालचा?" समोरचा ग्रीकमध्ये काहीतरी सांगायचा. दोन मिनिटं असं चालायचं. मग ती आमच्याकडे वळून म्हणायची, "कालचा आहे. पुढे चला." तिला खरंच काय कळायचं कोण जाणे, पण शेवटी आम्ही जेवलो तिथे मासा ताजा होता.

तिच्याकडे बघायच्या ठिकाणांची यादी नसायची. "जुन्या गावात रस्ता नाही विचारायचा. दारात बसलेली म्हातारी शोधायची आणि तिच्याजवळ बसायचं," असं ती म्हणायची आणि खरोखर बसायची. एका चामड्याच्या दुकानांच्या गल्लीत ती एका काळ्या कपड्यांतल्या आजीच्या पायरीवर अर्धा तास बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. उठली तेव्हा तिच्या हातात अंजिरं होती आणि त्या आजीला तीन मुलगे असून धाकटा फोन करत नाही, ही माहिती होती. पुढे एका चौकात मोठं झाड, झाडाखाली टेबलं, आणि एक चर्च लागलं. त्या चर्चच्या एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मशिदीचा मिनार. आमच्यातली एक जण फोनवरून इतिहास वाचू लागली. ताई मान वर करून बघत राहिली. "दोन्ही ठेवले बघ," ती म्हणाली. "पाडायचा कंटाळा केला असेल. कधीकधी कंटाळाही कामाचा असतो."

रात्री त्या चौकातल्या एका छोट्या जागेत दोघे जण वाद्यं वाजवत होते. जेवण झाल्यावर तिथे फुकट गोड आणि काचेच्या बाटलीत राकी ही तिथली दारू आणून ठेवतात. ताईने गोड दोनदा मागून घेतलं. मग लोक हात धरून गोल करून नाचू लागले आणि आमच्यातल्या सगळ्या उठल्या. मी भिंतीशी सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक गरब्यात मी हेच काम करते. ताईने नाचता नाचता हाक मारली नाही, ओढायलाही आली नाही. फक्त प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना भुवया उडवत राहिली. मला तेव्हा वाटलं, हिला माणूस कळतो. कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं, ते कळतं.

म्हणून पुढचं घडू शकलं.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ते अकरा दिवस आयसीयूमध्ये होते आणि मी ॲशबर्नमध्ये. माझं स्टॅम्पिंग संपलंय, आता देश सोडला तर परत येता येणार नाही, असं मी आईला, दादाला आणि पुढे ताईलाही सांगितलं होतं. इथे राहणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं की पुढे कोणी काही विचारत नाही. आईनेही विचारलं नाही. उलट तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, "त्या मेल्या व्हिसाने माझ्या पोरीला बापाचं तोंड बघू दिलं नाही." नातेवाइकांत कोणी माझ्याविषयी वाकडं बोललं तर ती अजून भांडते.

व्हिसा होता. त्यावर आणखी दोन वर्षांहून जास्त मुदत होती. मी तिकिटाच्या पानावर नाव, जन्मतारीख, सगळं भरलं होतं. दादाने बाबांचा नळ्या लावलेला फोटो पाठवला आणि मी ते पान बंद केलं. मला त्यांना तसं बघायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. दुसरं असतं तर मी ते कोणाला तरी सांगू शकले असते.

हानियाच्या हॉटेलात ताईने पासपोर्ट काउंटरवर ठेवले तेव्हा एकेक उघडून पाहिला. माझा तिने जरा जास्त वेळ पाहिला. व्हिसाच्या तारखा वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. इथल्या मराठी मंडळात कोणाचं काय कधी संपतं हे तिला तोंडपाठ असतं. व्हिसा बाबा जाण्याच्या आधी मिळालेला आणि अजून चालू, हे एका नजरेत दिसणारं होतं. तिने सगळे मिटून परत पिशवीत ठेवले. तिसऱ्या संध्याकाळी मात्र बाकीच्यांना म्हणाली, "तुम्ही पाय पसरा, मी कॉन्व्हेंटला दिवा दाखवून आणते."

दीपस्तंभापर्यंत जाणारा दगडी बांध लांब आणि खडबडीत आहे. निम्म्यावर ती बसली. पलीकडे धक्क्यावरचे दिवे लागत होते, गाणी ऐकू येत होती. "तुझं स्टॅम्पिंग चालू होतं ना तेव्हा?" तिने विचारलं. आवाजात दटावणी नव्हती. सीट रिकामी आहे का विचारावं, तसं.

मी सगळं सांगितलं. मराठीत सुरू केलं आणि मध्येच इंग्रजीत गेले, कारण ते शब्द मराठीत माझ्या तोंडून निघत नव्हते. तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "रडून घे. मी समुद्राकडे पाहून राहिली." आणि खरंच पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे इथंच राहील. मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही." परतताना त्या गल्ल्यांतून मी मोठमोठ्याने बोलत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी तिला विचारलं, कॉन्व्हेंटला झालं काय? त्या रात्री मी नाचलेसुद्धा. माझी पर्स ताईच्या मांडीवर होती.

त्यानंतर चार महिने मी हलकी होते. आणि आता जिन्याखाली, दुसऱ्यांच्या कोटांत हात घालून, ते वाक्य ऐकत होते.

मी वाण न घेता बाहेर पडले. गाडी सुरू करत होते तेव्हा काचेवर टकटक झाली. चप्पल घालून, स्वेटरशिवाय, साडीचा पदर खोचून ताई थंडीत उभी. मी काच खाली केली.

"अगं, न सांगता निघालीस? एक कमी भरली माझी."

माझा हात किल्लीवरच होता. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागे स्वयंपाकघराच्या उजेडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"शिल्पा बोलली वाटतं." तिने हात गाडीच्या दारावर ठेवला. "हे बघ, मी नाव नाही घेतलं. तिचे वडील सिरियस आहेत आणि ती पोरगी पंधरा दिवस नुसती जाऊ का नको करून राहिली होती. प्रोजेक्ट आहे म्हणे, मुलाच्या परीक्षा आहेत म्हणे. काय काय सांगून पाहिलं मी. ऐकेचना. मग म्हटलं, एका मुलीचं असं झालं बाई, तिला अजून झोप नाही. तेव्हा कुठे तिकीट काढलं तिने. मी गंमत म्हणून नाही सांगितलं गं."

ते खरं होतं. ताई खोटं बोलत नाही. शिल्पा तिच्या वडिलांना भेटणार होती आणि ते माझ्यामुळे होणार होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी जे कसंबसं एकदा बाहेर काढलं होतं, त्याचा तिने दुसऱ्या कोणासाठी उपयोग केला होता, आणि कामाला आलं म्हणून तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. तिने मला विचारलं असतं तर मी शिल्पाला स्वतः सांगितलं असतं का? नसतं. हे तिलाही माहीत होतं. म्हणूनच तिने विचारलं नाही.

"बोल ना काही. शिव्या दे," ती म्हणाली. तिचे ओठ थंडीने कापत होते. "मी शिल्पाला बजावते. तुझ्या आईसमोर अवाक्षर काढणार नाही ती. कोणीच काढणार नाही. मी बघते सगळ्यांकडे."

ती बघेलच, याची मला खात्री होती. एकेकीला फोन करून ती शपथ घालेल. मग शिल्पा आईकडे पिशवी घेऊन जाईल, चहा घेईल, आई तिला व्हिसाची तीच गोष्ट सांगेल, आणि शिल्पा कपाकडे बघत मान हलवेल. माझ्या आईभोवती सगळ्यांना माहीत असेल, आणि ती एकटी माझी बाजू घेऊन भांडत राहील.

"थंडी आहे, आत जा," एवढंच मी ताईला म्हणाले आणि काच वर केली.

त्यानंतर गुरुवारी मी गेले नाही. ताईचे मेसेज आले, मग एक डबा दाराशी आला. मी डबा धुऊन तिच्या दाराशी ठेवून आले, घंटा वाजवली नाही. पुढच्या ट्रिपच्या यादीतही तिने माझं नाव घातलं होतं. मी ग्रुप सोडला. मंडळात दिसते ती. पेन वर करून मोजत असते. माझ्याशी ती अजून कोणापेक्षाही चांगली वागते, आणि मी तिला काही सांगत नाही. हवापाणी बोलते. माणसांना पोचवण्याची एवढी घाई असलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या घाईत कोणाचं काय हातातून पडलं, ते बघायला ती थांबत नाही.

पण शिल्पाचं विमान सुटायच्या आधी एक रविवार होता. सकाळी आठला मी आईला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. ती मटार सोलत होती. मटार यंदा गोड आहेत, दादाची मुलगी सोलता सोलता निम्मे खाते, शिल्पा येतेय तर तिच्याबरोबर तुला लोणचं पाठवू का, असं ती एकामागून एक बोलत राहिली. मी मध्ये थांबवत नाही कधी. शेवटी तीच थांबली.

"काय गं? बरं आहे ना सगळं?"

"आई, मटार बाजूला ठेव. बाबा आजारी होते तेव्हा मला येता आलं असतं. मी घाबरले, म्हणून आले नाही."