पिशवीत बांधलेलं हेल्मेट

मांजरांचीही डॉक्टर असते, आणि ती दुखण्याखुपण्याची नाही तर वागण्याची, हे लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "डोंबल तुझं! इथं माणसं वेड्यासारखी वागतात, त्यांना कुणी विचारत नाही." पण तो थट्टेचा काळ नव्हता. यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि आमचं मांजर घरभर मुतत सुटलं होतं.

हे सुप्याला एका कारखान्यात होते. पहिली पाळी. दुपारी चारच्या सुमारास मोटारसायकल गल्लीत शिरली की मांजर उंबऱ्यावर हजर. डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी हे विचारणार, "काय बाईसाहेब, जेवलात का?" मला नाही हो, मांजराला! तीस वर्षं संसार केला, मला कधी बाईसाहेब म्हटलं नाही. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली असायची, तिथूनच ओरडायची, "आम्हीपण आहोत म्हटलं घरात." ते नुसते हसायचे. रात्री ती यांच्या खाटेवर, पायाशी. मला ती हात लावू द्यायची, पण उपकार केल्यासारखा.

एक दिवस कामावरच यांच्या छातीत कळ आली आणि चार वाजता मोटारसायकलऐवजी दारात ॲम्ब्युलन्स आली. पुढचं काय सांगू? दहाव्याच्या आत यांचे कपडे, गादी, गोधडी, उशी सगळं देऊन टाकलं, खाटसुद्धा. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तेरावा झाल्यावर जावेनं फरशी फिनाईलनं तीनदा पुसली, गोमूत्र शिंपडलं, भिंतींना रंग काढला. घर कसं लख्ख झालं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाचा हात धरला नाही.

राहिलं फक्त हेल्मेट. मोटारसायकल कारखान्यातच उभी होती. यांच्या बरोबरचा एक जण ती पंधरा दिवसांनी घेऊन आला. गाडी दिरांनी नेली. आरशाला अडकवलेलं हेल्मेट मात्र मी काढून घेतलं. आतल्या कापडाला यांच्या तेलाचा आणि घामाचा वास होता. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवलं. रोज दुपारी मशीन थांबवायची, गाठ सोडायची, आत तोंड घालायचं आणि परत घट्ट बांधायची. दिवसातून एकदाच. वास संपला तर काय करू, या धास्तीनं दुसऱ्यांदा सोडत नव्हते.

मांजराचं तेव्हाच सुरू झालं. आधी खाटेच्या जागी, मग माझ्या अंथरुणावर, मग गिऱ्हाइकांच्या कापडावर. मी फिनाईल ओतायची, ती परत तिथंच. हात लावायला गेलं की फिस्कारायची. नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, म्हणाले, "आजार काही नाही." मग लेकीनं त्या पुण्याच्या मॅडमशी मोबाईलवर गाठ घालून दिली.

मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी फिनाईल बंद करायला लावलं. वाळूची दोन घमेली ठेवायला सांगितली, ओरडायचं नाही म्हणाल्या, आणि एक वही ठेवा म्हणाल्या. मांजरानं कधी केलं, कुठं केलं, त्याच्या आधी काय झालं, सगळं लिहायचं. मी मनात म्हटलं, घ्या, आता मांजराची कुंडली मांडा! पण लिहिलं. आठ दिवसांनी त्यांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली. मंगळवार, पावणेचार, खाटेची जागा. बुधवार, चार, खाटेची जागा. गुरुवार, सव्वाचार, दारात. चौथ्या ओळीवर मी वही मिटली.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "ती घाण करत नाहीये. घरातला तिच्या माणसाचा वास एकदम पुसला गेलाय. ती तिथं स्वतःचा वास सोडून त्याला हुडकतेय. त्यांचं एखादं न धुतलेलं कापड, टोपी, चप्पल, काहीही असेल तर त्या जागी ठेवा. तिला त्यावर झोपू द्या. हळूहळू त्याला तिचा वास लागेल आणि ती शांत होईल."

तिचा वास लागेल! मी कपाटाकडं बघितलं. मोबाईलमध्ये मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

"काही नाही ठेवलं हो," मी म्हणाले. "आमच्यात ठेवत नाहीत."

खोटं बोलले. धडधडीत खोटं. मनात एवढंच होतं, की जन्मभर घरात आल्या आल्या हिची चौकशी झाली, आता उरलेला वाससुद्धा हिलाच का देऊ? मुक्या जनावराशी मी सवतीसारखं वागले. आज बोलायलाही लाज वाटते, पण तसंच झालं.

मॅडमनी दुसरे उपाय सांगितले. चारच्या वेळेला खेळवा, खाऊ द्या, उंच जागा करून द्या. मी केलं सगळं. थोडा फरक पडलाही. वहीत दोन दिवस कोरे गेले. तिसऱ्या दिवशी चार वाजता तिनं एका नवरीच्या पैठणीच्या ब्लाउजवर केलं. लग्न दोन दिवसांवर. नवरीची आई दारात उभी राहून गल्ली गोळा करेपर्यंत बोलली. तिचंही बरोबर होतं. ती गेल्यावर मी श्रीगोंद्याकडं, गावी, दिरांना फोन केला. ते कधीचे मागं लागले होते.

"वहिनी, पोत्यात घालून आमच्या उसात सोडतो. उंदीर लई हायती, उपाशी न्हाई मरायची."

"ने बाबा," मी म्हणाले. "ने एकदाची."

ते नेमके यांच्याच मोटारसायकलवर आले. आवाज गल्लीत शिरला आणि मांजर उंबऱ्यावर धावलं, शेपटी ताठ करून. तिथंच दिरांनी तिला धरलं. पोत्यात घातल्यावर ती ओरडलीसुद्धा नाही. गाडी चालू झाली तेव्हा मी आत येऊन मशीन जोरात चालवली.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला, "कशी आहे आपली बाई?" "ती बरी आहे" असं मी म्हणणार होते, पण हुंदकाच आला. सगळं सांगितलं, हेल्मेटसकट. त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, रडत बसू नका," त्या म्हणाल्या. "ते हेल्मेट घ्या आणि निघा. जिथं सोडलं तिथं ठेवा. रोज चारला तिथं जाऊन बसा, हाक मारा. येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. दिरांनी बांध दाखवला. मी पिशवीची गाठ सोडली आणि हेल्मेट उताणं करून बांधावर ठेवलं. अंधार पडायला लागेपर्यंत हाका मारल्या. उसात सळसळ व्हायची, मी उठून बघायची, पण ती वाऱ्याची. दीर म्हणाले, "तुमी जावा, मी बघतो." घरी लग्नसराईचे ब्लाउज पडले होते, आधीच एका गिऱ्हाइकानं बोल लावलेला. मी आले परत. दोन दिवस मान वर न करता शिवत बसले. रोज चारला तिथं जाऊन बसायला सवड आहे कुणाला, असं स्वतःलाच म्हटलं.

चौथ्या दिवशी गेले तर ऊस नव्हता. तोडणी होऊन रान उघडं पडलं होतं. हेल्मेट बांधावर होतं, पण माझ्या जागेवरून हलवलेलं. ऊसतोडीवरची एक बाई मोळ्या बांधत होती, तिला विचारलं.

"व्हय, हुती की मांजर! दोन दिस त्या टोपात बसून हुती. भाकर टाकली तर खाईना. रस्त्यानं फटफटी गेली का मान वर करायची, पुन्हा आत घालायची. काल शेजारचं रान सरलं, इथं कोयते लागले, ट्रॅक्टर आला, तशी भ्याली आन् पळाली त्या अंगाला. तुमची हुती व्हय?"

दीर खाली बघत होते. कारखान्याला ऊस घालायच्या गडबडीत ते बांधाकडं फिरकलेच नव्हते. त्यांना काय बोलू? दोन दिवस तर मीच गेले नव्हते.

त्या अंगाला सगळं रान तुडवलं. कधी नव्हे ते, "बाईसाहेब, ओ बाईसाहेब, जेवलात का?" अशी हाक मारली. तोडणीवाल्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. मला कुणाची लाज वाटली नाही. ती आली नाही. त्यानंतर पाच वेळा जाऊन आले, नाहीच आली.

त्या चौथ्या दिवशी परतीच्या एसटीत हेल्मेट मांडीवर होतं. आतल्या कापडाला तिचे पांढरे बारीक केस चिकटले होते. बरोबर आणलेली पिशवी घडीतच राहिली. मी नेहमीसारखं आत तोंड घातलं. तेलाचा वास गेला होता. घामाचाही गेला होता. आत नुसतं मांजर होतं, आणि मी भरल्या गाडीत, तिकीट द्यायला थांबलेल्या कंडक्टरसमोर, तोंड बाहेर काढू शकले नाही.