रघूअण्णांची बंद पडलेली एसटी

लग्नाच्या मिरवणुकीत नवरदेव मारुतीच्या पाया पडायला देवळात शिरला, की बँडवाले बिडी पेटवतात. केजचे रघूअण्णा तेव्हा गिटारचा आवाज वाढवायचे. एरवी लोक सांगतील ती नाचायची गाणी. ही मधली थोडी मिनिटं मात्र त्यांची स्वतःची. हातगाडीवर कर्णा, गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार, अंगात बँडचा सोनेरी कोट. "ह्याला रॉक म्हणतेत," ते वऱ्हाडाला सांगायचे. "समजलं न्हाई तरी चालतंय. उभं राहा फक्त."

उभे आम्ही तिघेच राहायचो. मी, कापडवाला दत्ता आणि पंक्चरवाला सलीम. सलीम जिलबीसाठी येतो असं दत्ता म्हणायचा, आणि मला गाण्यातलं काही कळत नाही असं दोघंही म्हणायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

गाणं अण्णांनीच रचलेलं. भर उन्हात एसटी बंद पडते. कंडक्टर सगळ्यांना खाली उतरवतो. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, कोंबड्या घेतलेला एक गडी, सगळे धक्का मारू लागतात. गिटार अशी गुरगुरायची की आपल्याही तळपायाला डांबर चिकटायचं. आणि नेमका तेव्हाच नवरदेव बाहेर यायचा. अण्णा गाणं तिथंच तोडायचे. एसटी निघाली की नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही. विचारलं तर म्हणायचे, "नवरदेवाला इचारा, त्याला कावून घाई हाय."

म्हणून माझ्या लग्नात मी ठरवलं, गाणं संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. सिरसाळ्याच्या मारुतीला मी इतक्या प्रदक्षिणा घातल्या की पुजाऱ्यानं मला पाणी दिलं. बाहेर सासरेबुवांना वाटलं, पोरगं फिरलं. शेवटी गिटारसकट अण्णाच दारात आले. "बाहेर ये की बे, पॅसेंजर मरायलेत ढकलून."

पुढचं त्यांनी रचलंच नव्हतं. "कवा लागलंच न्हाई," म्हणाले. मग माझं उतरलेलं तोंड बघून दया आली असावी. "तुझ्या लेकीच्या लग्नात सांगतो एसटीचं काय झालं ते." बायको तेव्हा जेमतेम मंडपात पोचली होती. मी मारुतीत लपून बसलो होतो, असं ती आजही पाहुण्यांना सांगते.

पुढं डीजे आला, बँड मोडला. अण्णा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करू लागले. गिटार दुकानात खिळ्याला. शेवट आता तयार आहे म्हणायचे, पण वाजवायचे नाहीत. "दुकानात न्हाई. मारुतीपुढं, उभ्यानं." माझी लेक बीडला स्पर्धा परीक्षेचा क्लास करत होती. भेटले की पहिला प्रश्न, "ठरलं का बे?"

"अण्णा, ती अभ्यास करायलीय."

"करू दे. पण आमची माणसं उन्हात उभी हायेत, एवढं कानावर घाल तिच्या."

मागच्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सावडायला नातेवाईक आणि आम्ही तिघं. परतताना सलीम म्हणाला, "शेवट घेऊन गेला रे माणूस." त्या दिवशी जिलबीचा विषय कुणी काढला नाही.

यंदा लेकीचं ठरलं. जावई केजच्या मारुतीत शिरले, तसा मी डीजे बंद करायला लावला. दत्तानं तोंडानंच गिटारचा आवाज काढला, सलीमनं डीजेच्या गाडीचा पत्रा बडवला, गायलो मी. बायकोनं पदर तोंडावर घेतला. पोटं सुटलेले तीन म्हातारे एसटी ढकलतायत म्हणून वऱ्हाड आधी हसलं, मग गप उभं राहिलं.

जावई दारात आले आणि आम्ही सवयीनं तिथंच थांबलो.

मुंडावळ्या बाजूला करत ते म्हणाले, "मामा, कावून थांबले? निघाली का मग गाडी?"

सलीम पत्र्यावर हात तसाच ठेवून उभा होता.

"ढकलायलोत अजून," मी म्हणालो.