आज तू बस

माझ्याबरोबर कबड्डी खेळलेल्या मदनचा फोन आला, "भिया, वाघोलीकर सर गेले," आणि मी आधी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" माझा स्वभावच असा. तो म्हणाला, "काकूंनीच, सरांच्या घरून."  त्या फोनला महिना उलटला, तरी सरांविषयी चांगलं लिहायला बसलो की हात अडखळतो. माणूस सरळ होता याची मला आजही खात्री नाही... आणि त्यांच्यावर माझा जीव होता, याची मात्र आहे.

इंदूरच्या आमच्या मिलचा कबड्डी संघ तेव्हा देशभर खेळायचा. आम्ही सगळे मिलचेच कामगार, खेळत होतो म्हणून नोकरी होती. आधीचे कोच सगळ्यांना एकाच काठीने हाकायचे, सर्वांना तेवढ्याच फेऱ्या आणि तेवढ्याच बैठका. वाघोलीकर सर कोच म्हणून आले आणि त्यांनी ते बंद केलं. मैदानावर आल्या आल्या मांडी घालून बसवायचे, मग म्हणायचे, "उठा, हात न टेकता." कोण कसा उठतो ते बघायचे. कालची पाळी कुठली, झोप झाली का, जुनं दुखणं काय म्हणतं, सगळं विचारून एकाला दुप्पट पळवायचे, दुसऱ्याला नुसतं हलकं अंग मोकळं करायला लावायचे. आणि ज्याचा हात जमिनीला लागला त्याला, "आज तू बस."

आता आमची पंचाईत बघा. मिलमध्ये तेव्हा 'बसवलं' म्हणजे घरी पाठवलं. एकेक खातं बंद होत चाललं होतं, आणि फाटकावर रामराम करायच्या ऐवजी लोक "आज किसको बैठाया?" असंच विचारायचे. त्यात मॅनेजरची गाडी मैदानाशी थांबायची आणि सर काचेशी वाकून काहीतरी बोलायचे. मदनचा खांदा दुखावला, सरांनी त्याला बसवलं, आणि पुढच्याच आठवड्यात मिलनेही बसवलं. झालं! संघात कोणाचं काही दुखेनासंच झालं. मीही सुजलेल्या गुडघ्यावर दातओठ खात, हात न टेकता उठायचो. घरी बायको होती, लहान मुलगी होती, आणि पगार माझा एकट्याचा.

एकदा सर समोर येऊन उभे राहिले. "हात नाही टेकलास, पण श्वास धरलास. आज तू बस."

माझं डोकंच सटकलं. "कोणाच्या सांगण्यावरून बसवताय, सर?"

"तुझ्या गुडघ्याच्या."

बसलो. रोज फाटकावरच्या बसवलेल्यांच्या यादीत नाव लागायची वाट बघत होतो. लागलं नाही. सूज उतरली, सरांनी थोडं थोडं वाढवत मला परत चढाईला आणलं, आणि माझा संशय दुप्पट झाला. मदन गेला, मग मी कसा राहिलो? त्या गाडीशी माझ्याबद्दल काय बोलणं झालं? पुढे मिलच बंद पडली आणि सगळेच बसले, सरसुद्धा.

कितीतरी वर्षांनी बडा गणपतीपाशी भेटले. पोहे खाता खाता विचारलंच, "सर, गाडीशी काय बोलायचात?"

त्यांनी वरून शेव मागून घेतली. "सांगितलं तर विश्वास ठेवशील?"

"नाही."

"मग खा. गार होतायत."

सर गेल्यावर राजेंद्र नगरला त्यांच्या घरी काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनाही विचारणार होतो, पण मदनने माझा हात दाबला. तो सारखा डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर मी त्याच्यावरच उखडलो, "तुझं नाव त्यांनीच दिलं असेल तर? रडतोस कसला?"

"दिलं असेल, नसेल दिलं... कायको उकरतोस, भिया? खांदा तर त्यांनीच बरा केला नं. नोकरी गेल्यावरही घरी येऊन व्यायाम करून घ्यायचे. त्याच खांद्यावर मंडीत पोती उचलली, पोरं मोठी केली."

 मदन रडू शकतो, मला तेही जमत नाही. माझा गुडघा या वयातही दुखत नाही. रोज सकाळी फिरून आल्यावर घराचा जिना चढतो, अर्ध्यावर सरांची आठवण येते, आणि मी मनात म्हणतो, भेटले की या वेळी सोडायचं नाही, विचारायचंच. वर पोचल्यावर कळतं, आता ते भेटणार नाहीत.