करपलेल्या घनसाळाचा वास

संपादक महोदय,

आपल्या या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते. त्याविरुद्ध मी आपणांस यापूर्वी दोन खरमरीत पत्रे पाठविली आहेत आणि त्यांतील एकही शब्द मागे घेत नाही. साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. असला मजकूर छापू नये, हे माझे मत कायम आहे. माझी सारी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. आमच्या घरात कधी श्राद्ध झाले नाही, दाराला लिंबू-मिरची टांगली नाही. तरीही हे लिहीत आहे… कारण जे घडले ते माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेले नाही, आणि उपस्थितांपैकी काहींचा आमच्या कुटुंबाशी सुतराम संबंध नव्हता.

आमचे घर कसबा बावड्यात, उसाच्या मळ्याला लागून. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नवी इमारत. तिच्यात तेव्हा कुणी राहायला आलेले नव्हते. माझी पत्नी इंदुमती हिला फुप्फुसाचा कर्करोग होता. उपचारांचा आता उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती मला म्हणाली, “आता नळ्या नकोत. मला इथंच राहू द्या. तुम्ही कायदेवाले ना? मग करा कागद.”

मी केला. बोलता येईनासे झाले तर काय करावे आणि काय करू नये, ते तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले, दोन साक्षीदारांसमोर सही केली, नोटरीचा शिक्का झाला. वेदनेच्या गोळ्यांसाठी मला किती उंबरे झिजवावे लागले, कुणाकुणाला पत्रे लिहावी लागली, हा स्वतंत्र विषय आहे. मरणाऱ्या माणसाची वेदना थांबवण्यासाठी म्हाताऱ्या नवऱ्याला अर्ज करत फिरावे लागते, याची ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ती वाटत नाही, एवढेच येथे नोंदवतो.

घरी येऊन रुग्णाची आणि घरच्यांचीही काळजी घेणाऱ्या एका संस्थेकडून शाहीन नावाच्या सिस्टर येत. कूस कशी बदलावी, ओठ कसे ओले करावेत, हे त्यांनी मला शिकवले. एकदा मी फोनवर कुणावर तरी ओरडत असताना त्या म्हणाल्या, “काका, भांडायचं तर माझ्याशी भांडा. पण काकूंजवळ बसताना हात धरून बसा. आवाज कळतो त्यांना.” घरात ऑक्सिजनचे यंत्र आल्यापासून त्यांनी गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायला लावला होता. जेवणाचा डबा बाहेरून येई. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी.

इंदुमतीची शुद्ध हरपली आणि तिचा धाकटा भाऊ तानाजी आजऱ्याहून आला. सोबत त्याने अँब्युलन्सच आणली. दुपारची वेळ होती.

“दाजी, आक्काला आयशीयूत न्यायचं. मी बेडचं बोलून आलोय.”

“तिची इच्छा काय होती, ते लिहून ठेवलेले आहे, तानाजी.”

“कागद कसला दावताय मला? भण हाय ती माझी! कागदानं श्वास चालतोय व्हय?”

“तिने शुद्धीत असताना सही केलेली आहे. तुला यात कायद्याने कोणताही—”

“कायदा! सगळी हयात कायद्यातच घालवलीसा की हो! माणूस मरायलंय हितं!”

शाहीन सिस्टर मध्ये पडल्या. “मामा, तिथं नेलं तर घशात नळी घालतील. त्यांना तेच नको होतं. हातसुद्धा धरू देणार नाहीत तुम्हाला.”

“शिस्टर, तुमी मधी बोलू नगासा. उद्या आजऱ्यात लोक इचारतील, भाऊ हुतास न्हवं, काय केलंस? काय सांगू?”

तो रडत होता. रडणाऱ्या माणसाला कलम दाखवून उपयोग नसतो, हे मला त्या क्षणी समजले आणि अतिशय राग आला — त्याचा, स्वतःचा, त्या कागदाचा. अँब्युलन्सचा चालक आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन खोलीत आले. चादरीची टोके धरली गेली.

आणि वास आला.

प्रथम बोलल्या त्या शाहीन सिस्टर. “काका, भात लावलाय का कुणी? करपलाय बघा…” त्या उठून थेट स्वयंपाकघरात गेल्या. ऑक्सिजनच्या यंत्राजवळ जाळ पेटल्याची त्यांना भीती. परत आल्या त्या गोंधळलेल्या चेहऱ्याने. “रेग्युलेटर तर काढलेलाच आहे.”

“आजऱ्याचा घनसाळ तांदूळ हाय,” चालक म्हणाला. “भारी वास हाय, पण बुडाला लागलाय.”

तानाजीने चादर सोडली. भिंतीला टेकून तो खाली बसला. मग तो कुणाकडे न पाहता बोलू लागला. “आक्का माहेराला येणार म्हटलं की आई चुलीवर घनसाळ चढवायची. आन् तसाच टाकून एसटीच्या थांब्यावर जाऊन हुबी ऱ्हायाची. गाडी कवा येळंवर आलीया? दर खेपंला भात करपायचा. आक्का दारातनंच वरडायची, आई, करपीवलास की गं…”

माझ्या सासूबाई जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

“पावणं,” चालक हळूच म्हणाला, “उचलायचं काय न्हाय?”

“नगं,” तानाजी म्हणाला. “थांब्यावर आलीया आई. जाऊ दे आक्काला.”

इंदुमतीच्या कपाळावर कित्येक दिवस एक आठी होती. ती गेलेली मी पाहिली, शाहीन सिस्टरांनीही पाहिली. तानाजीने एक हात धरला, मी दुसरा. सूर्य मावळण्यापूर्वी ती गेली. घरी, नळीविना, जशी तिची इच्छा होती तशी. वास केव्हा विरला, ते कुणालाच सांगता आले नाही.

नंतर मी चौकशी केली. शोकात माणसे काय करतात मला ठाऊक नाही. मी चौकशी करतो. पलीकडच्या इमारतीचे प्रत्येक दार कुलूपबंद होते. मळ्यात कुणी चूल मांडलेली नव्हती. साखर कारखान्याच्या मळीचा वास बावडेकरांना उपजतच ठाऊक असतो. तो हा नव्हे. चालकाला मी पुन्हा गाठून विचारले, तेव्हाही तो आपल्या सांगण्यावरून तसूभर हलला नाही. तानाजीच्या मनाचे खेळ म्हणावे, तर वास प्रथम आला तो सिस्टरांना, ज्यांनी माझ्या सासूबाईंचे नावही ऐकलेले नव्हते.

मला जे सलते ते वेगळेच. तिची इच्छा राखण्यासाठी मी जे जे कायदेशीर होते ते सर्व केले. ते टिकले नाही. टिकला तो करपलेल्या भाताचा वास, जो कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होणार नाही.

प्रयोगही केले. तानाजीने घनसाळ पाठवला. मी तो समोर उभे राहून, मुद्दाम करपवला. नुसताच करपट वास, तो नव्हेच. त्याला फोन करून तसे सांगितले, तर म्हणाला, “दाजी, ध्यान ठिवून करपीवला तर तसा कसा यील?”

तिच्या वर्षदिनी मी घनसाळ लावला, खाण्यासाठी. कुकर नको म्हणून साध्या पातेल्यात. रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला म्हणून फाटकापर्यंत गेलो. कुणी उतरले नाही. बस निघून गेली, तरी मी तेथेच उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. आत आलो तेव्हा भात बुडाला लागला होता.

तो वास तोच होता की नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. भात मात्र मी पातेले खरवडून सगळा खाल्ला.